इलोइलो: फिलिपिन्सच्या या शहराला युनेस्कोने 'खाद्यनगरी' का ठरवलं? तिथे काय खावं, काय पाहावं?

फिलिपिन्स म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते बोराकायचे पांढऱ्या वाळूचे किनारे, नाहीतर मनिलाची गर्दी. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना या देशात १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली ते मनिला थेट विमानही सुरू झालं. त्यामुळे थायलंड, व्हिएतनामच्या यादीत आता फिलिपिन्सचीही भर पडू लागली आहे.

पण या देशातलं एक शहर अजून बहुतेक भारतीयांच्या यादीत नाही. त्याचं नाव इलोइलो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने या शहराला 'क्रिएटिव्ह सिटी ऑफ गॅस्ट्रोनॉमी', म्हणजे खाद्यसंस्कृतीचं शहर हा किताब दिला. फिलिपिन्समध्ये हा मान मिळवणारं ते पहिलं शहर.

मनिला किंवा सेबू सोडून हा मान इलोइलोला का मिळाला? तिथे गेल्यावर खायचं काय, पाहायचं काय आणि संध्याकाळी जायचं कुठे? आणि शाकाहारी माणसाचं काय होणार? एकेक करून पाहू.

इलोइलो नेमकं आहे कुठे?

फिलिपिन्सच्या मधल्या भागाला विसायास म्हणतात. तिथल्या पानाय बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर इलोइलो आहे. बोराकाय याच पानायच्या वायव्य टोकाला लागून आहे. त्यामुळे दोन्ही ठिकाणं एकाच प्रवासात जोडता येतात, फक्त मधला रस्ता पाच-सहा तासांचा आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेचार लाख आहे. म्हणजे आकार आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या शहराएवढा. समोर अरुंद सामुद्रधुनी, पलीकडे गिमारास बेट आणि शहराच्या मधून वाहणारी इलोइलो नदी. या नदीकाठच्या जमिनीचा आकार नाकासारखा दिसतो म्हणून 'इरोंग-इरोंग' आणि त्यावरून इलोइलो, असं नावाचं मूळ सांगितलं जातं.

शहर सात भागांत विभागलेलं आहे. त्यातले हारो, मोलो आणि ला पाझ हे एकेकाळी स्वतंत्र गावं होते. त्यामुळे प्रत्येकाचा स्वतःचा चौक, स्वतःचं चर्च, स्वतःचा बाजार आणि स्वतःचा एक पदार्थही आहे. आपल्याकडे दोन गावांमध्ये मिसळीवरून जी चुरस असते, तशी ती इथे एकाच शहराच्या आत चालते.

इथले लोक हिलिगायनोन भाषा बोलतात. तिला इलोंगो असंही म्हणतात. ही भाषा हेल काढून, मऊ सुरात बोलली जाते. इलोंगो माणूस रागावला तरी लाडानेच बोलतोय असं वाटतं, असा विनोद देशभर सांगितला जातो.

आधी कापड, मग साखर: शहर श्रीमंत कसं झालं?

इलोइलोच्या ताटात काय आहे हे समजून घ्यायचं तर आधी तिथे पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इलोइलो हातमागासाठी ओळखलं जायचं. घराघरांत माग होते. सूत, रेशीम आणि अननसाच्या पानांपासून काढलेला धागा यांचं कापड बायका विणत आणि ते बाहेर विकायला जाई. १८५५ मध्ये स्पॅनिश सरकारने हे बंदर परदेशी व्यापारासाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश उपवाणिज्यदूत इथे आला.

लोनीने इंग्लंडमधलं गिरणीचं स्वस्त कापड इथे आणलं. त्याच जहाजांना परतीचा माल हवा म्हणून त्याने साखरेला उत्तेजन दिलं. शेतमालकांना कर्ज आणि यंत्रं मिळवून दिली. काही दशकांतच इलोइलोचे माग थंडावले आणि समोरच्या निग्रोस बेटावर मैलोनमैल ऊस उभा राहिला. गंमत म्हणजे याच सुमारास, १८५६ मध्ये, मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू होत होती. मँचेस्टरच्या कापडाने दोन बंदरांचं नशीब दोन वेगळ्या दिशांना वळवलं.

साखरेने इलोइलोत जे घराणेशाहीचं वैभव आणलं, त्याला आपल्याकडे 'साखरसम्राट' हा शब्द तयारच आहे. फरक एवढाच की इथे सहकार नव्हता. मळे काही मोजक्या कुटुंबांचे होते. ती कुटुंबं इलोइलोत हवेल्या बांधून राहत आणि ऊस निग्रोसवर पिके.

तो तोडायचा कुणी? त्यासाठी पानाय बेटावरच्या गरीब गावांतून हंगामी मजूर नेले जात. त्यांना 'साकादा' म्हणतात. कंत्राटदार आगाऊ रक्कम देऊन त्यांना बांधून घेत आणि ती फेडता फेडता हंगाम संपे. बीडच्या ऊसतोड कामगाराला उचल आणि मुकादम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. साकादालाही ते सांगावं लागलं नसतं.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. निग्रोसवरून साखर थेट जहाजांवर चढू लागली, बंदरात संप झाले, मग दुसरं महायुद्ध आलं. इलोइलोचं महत्त्व घटत गेलं. १९८० च्या दशकात जगात साखरेचे भाव कोसळले तेव्हा निग्रोसवर तर उपासमारीची वेळ आली.

या पडत्या काळाचा एक उलटा परिणाम झाला. पैसाच नव्हता, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधण्याची घाईही झाली नाही. हवेल्या, दुकानांच्या कमानी, चर्च आणि बाजार बऱ्याच अंशी जागेवर राहिले. आज पर्यटक जे पाहायला येतात, त्यातलं बरंचसं या गरिबीने राखून ठेवलं आहे.

युनेस्कोचा हा किताब म्हणजे काय?

'जागतिक वारसा स्थळ' आणि 'क्रिएटिव्ह सिटी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसा स्थळाचा दर्जा एखाद्या वास्तूला किंवा जागेला मिळतो. क्रिएटिव्ह सिटीज हे २००४ मध्ये सुरू झालेलं शहरांचं जाळं आहे. साहित्य, संगीत, सिनेमा, हस्तकला, खाद्यसंस्कृती अशा क्षेत्रांच्या जोरावर शहराचा विकास करू पाहणारी शहरं त्यात असतात. मुंबई २०१९ पासून सिनेमासाठी या जाळ्यात आहे. हैदराबादला त्याच वर्षी खाद्यसंस्कृतीसाठी स्थान मिळालं.

म्हणजे हा 'जगातलं सगळ्यात चविष्ट शहर' असा पुरस्कार नाही. शेतकरी, मच्छीमार, बाजार, खानावळी आणि घरगुती पाककृती यांची साखळी शहर कशी जपतं हे त्यात पाहिलं जातं. इलोइलोची बाजू इथेच भक्कम ठरते. त्याचे नावाजलेले पदार्थ बाजारातल्या बाकड्यांवर आणि घरच्या चुलीवर तयार झाले. मोठ्या हॉटेलांचा त्यात फारसा वाटा नाही.

काय खायचं?

*ला पाझ बाचोय:* इलोइलोचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ. हा शेवयांचा गरम रस्सा असतो. हाडं तासन्‌तास उकळून काढलेलं पाणी, त्यात पिवळ्या शेवया, डुकराचं मांस, काळीज आणि इतर आतले अवयव, वरून तळलेला लसूण, कांद्याची पात, कुरकुरीत तळलेल्या कातडीचा चुरा आणि हाडातली मज्जा.

हा पदार्थ ला पाझच्या बाजारात दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रूढ झाला. नेमका कुणी शोधला यावर एकमत नाही. डेकोज, टेड्स आणि नेटाँग्ज ही तिथली जुनी नावं, आणि प्रत्येकाचे निष्ठावंत वेगळे. कसाईगल्लीत जे सहज विकलं जात नसे, ते वाया न घालवता पोटभरीचं जेवण कसं करायचं, याचं बाचोय हे उत्तर आहे. बाजारातल्या दुकानात बसून खाल्लंत तर रस्सा संपल्यावर पुन्हा मागता येतो. आपल्याकडे मिसळीसोबत रस्सा मिळतो तसाच. सोबत पाव किंवा तांदळाचा 'पुतो' घेतात.

*पान्सित मोलो:* 'पान्सित' म्हणजे शेवया, पण या पदार्थात शेवया नसतात. पातळ पिठाच्या पाऱ्यांत मांसाचं सारण भरून केलेल्या पुरचुंड्या रश्शात सोडलेल्या असतात. मोलो ही चिनी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती. तिथल्या वाँटनने इथे कोंबडीच्या रश्शाशी आणि स्पॅनिश स्वयंपाकघराशी घरोबा केला आणि मोलोचं नाव घेतलं.

*केबीएल:* मराठी माणसाला सगळ्यात ओळखीचा वाटेल असा पदार्थ. हे नाव तीन शब्दांची आद्याक्षरं जोडून झालं आहे: काद्योस, बाबोय, लांगका. काद्योस म्हणजे तूर, बाबोय म्हणजे डुक्कर आणि लांगका म्हणजे फणस. तुरीचे अख्खे गडद दाणे, कच्च्या फणसाच्या फोडी आणि मांस एकत्र शिजवतात. तुरीमुळे रस्सा जांभळट होतो.

यात आंबटपणासाठी घालतात ते बातुआन नावाचं हिरवं फळ. ते गार्सिनिया कुळातलं आहे, म्हणजे आपल्या रातांब्याचं भावंड. तूर, फणस आणि आमसुलाचा नातेवाईक एकाच पातेल्यात. कोकणातल्या माणसाला यातली चव परकी वाटणार नाही. मनिलात आंबट रश्शाला चिंच लागते, इलोइलोत मात्र बातुआनच हवं. शहराची चव देशाच्या राजधानीपेक्षा वेगळी कुठे होते, ते या एका फळात कळतं.

*मासे आणि शिंपले:* अरेवालो भागात समुद्राकाठी खानावळींची रांग आहे. कालवं, कोळंबी, भाजलेले मासे आणि मोकळ्यावर वाढलेली कोंबडी तिथे मिळते. कालवं आपल्या मानाने स्वस्त असतात. 'दिवाल' नावाचा पांढरा, पंखाच्या आकाराचा शिंपला मिळाला तर सोडू नका. बेसुमार काढल्यामुळे तो मध्यंतरी फार दुर्मीळ झाला होता.

*बिस्कोचो आणि बाकी गोड:* पाव कापून, त्यावर लोणी आणि साखर लावून पुन्हा भाजला की बिस्कोचो होतो. खारीच्या जवळ जाणारा, पण गोड. हारो आणि मोलोतल्या जुन्या बेकऱ्यांत तो, पातळ गोल 'गालेतास' आणि नळीसारखे 'बार्किल्योस' मिळतात. साखरेच्या शहराची सही या बरण्यांवर आहे. घरी न्यायला हाच खाऊ बरा, कारण तो टिकतो.

*गिमारासचा आंबा:* समोरच्या बेटावरचा आंबा फिलिपिन्समध्ये सगळ्यात गोड मानतात. कीड येऊ नये म्हणून त्या बेटावर बाहेरचा आंबा नेण्यास बंदी आहे. हंगाम साधारण एप्रिल-मेचा, म्हणजे आपल्या हापूसचाच. दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद इथे नको. पण गिमारासच्या आंब्यात रेषा कमी आणि गर पातळसर रसाळ असतो, एवढं नोंदवायला हरकत नाही.

शाकाहारी असाल तर?

सरळ सांगायचं तर अडचण होईल, पण उपाशी राहणार नाही.

इथे 'भाजी' मागवली तरी त्यात चवीला कोळंबी, सुकट किंवा मांसाचे तुकडे असू शकतात. बरेच लोक 'शाकाहारी' याचा अर्थ 'मांस कमी' असा घेतात. त्यामुळे मांस, मासे, कोळंबी आणि मासळीचा सॉस नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. कार्ने म्हणजे मांस, इस्दा म्हणजे मासा आणि उतान म्हणजे भाजी, हे तीन शब्द लक्षात ठेवा. इंग्रजी बहुतेकांना समजतं.

'लास्वा' हा पदार्थ विचारा. भोपळा, भेंडी, वांगं, पालेभाज्या असं हाताशी असेल ते पाण्यात शिजवून केलेला साधा रस्सा. तोही अनेकदा कोळंबी घालून करतात, पण न घालता करून देणं अवघड नसतं. सोबत भात. शिवाय फळं, बेकरीचे पदार्थ, कच्च्या कोकोच्या वड्या उकळून केलेलं दाट 'त्सोकोलाते' आणि ला पाझच्या बाजारातली कॉफी आहेच. हलाल किंवा डुकराचं मांस न खाणाऱ्यांनीही प्रत्येक वेळी विचारून घ्यावं. रश्शाच्या पाण्यातही हाडं असतात.

आणखी एक मजेची गोष्ट. बाजारात मोठा कांदा घ्यायला गेलात तर 'सिबुयास बोंबाय' हे नाव ऐकू येईल. अर्थ सरळ आहे: मुंबईचा कांदा. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसालाही पूर्वीपासून 'बुंबाय' म्हणतात, मग तो पंजाबातून आलेला का असेना. गल्लोगल्ली व्याजाने पैसे देणाऱ्या भारतीयांमुळे या शब्दाला थोडी खोचक छटाही आली आहे. कुणी हाक मारली तर दचकू नका.

वारसा: कुठून सुरुवात करायची?

*मोलो:* इथलं सेंट ॲन चर्च गॉथिक शैलीचं आहे. आत खांबांच्या रांगेवर १६ मूर्ती आहेत आणि सगळ्या संत स्त्रियांच्या. म्हणून याला 'स्त्रीवादी चर्च' असं टोपणनाव पडलं. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होजे रिझाल १८९६ मध्ये इथे येऊन गेले होते. त्याच वर्षाच्या शेवटी स्पॅनिशांनी त्यांना गोळ्या घातल्या.

*हारो:* साखरसम्राटांचा भाग. कॅथेड्रल एका बाजूला आणि त्याचा घंटाघराचा मनोरा रस्त्यापलीकडे, असं इथलं वेगळं दृश्य आहे. १९४८ च्या भूकंपात या मनोऱ्याचं नुकसान झालं. चर्चच्या दर्शनी भागात कांदेलारिया मातेची दगडी मूर्ती आहे. ती हळूहळू वाढते अशी भाविकांची श्रद्धा आहे. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला मुकुट चढवला. २ फेब्रुवारीला इथे मोठी जत्रा भरते. जवळच नेलीज गार्डन आणि लिझारेस मॅन्शन या साखरेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या हवेल्या आहेत. काहींच्या आत जायला आधी वेळ ठरवावी लागते.

स्पेनमध्ये बसून फिलिपिनो सुधारणांसाठी 'ला सोलिदारिदाद' हे वृत्तपत्र काढणारे ग्रासियानो लोपेझ हाएना हेही हारोचेच. चौकात त्यांचा पुतळा आहे.

*काये रेआल:* अर्थ 'राजरस्ता'. एकेकाळचा मुख्य बाजार. अमेरिकी राजवटीतल्या व्यापारी इमारतींच्या कमानी आणि नक्षीदार दर्शनी भिंती इथे रांगेने उभ्या आहेत. मुंबईच्या फोर्टमध्ये चालायची सवय असेल तर कमानींखालच्या सावलीचं मोल कळेल. अनेक भिंती गेल्या काही वर्षांत रंगरंगोटी करून सावरल्या गेल्या आहेत.

*प्लाझा लिबेर्ताद:* १८९८ मध्ये मनिला पडल्यावर स्पॅनिशांनी आपली राजधानी इलोइलोला हलवली होती. त्या वर्षी २५ डिसेंबरला याच चौकात त्यांनी फिलिपिनो क्रांतिकारकांच्या हाती शहर सोपवलं. हे स्वातंत्र्य जेमतेम दीड महिना टिकलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकी फौजा आल्या आणि शहर जळालं.

*राष्ट्रीय संग्रहालय:* पश्चिम विसायासचं हे संग्रहालय जुन्या प्रांतिक तुरुंगाच्या इमारतीत आहे. 'हाब्लोन' हे इथलं हातमागाचं कापड तिथे नीट पाहायला मिळतं. लोनीच्या काळात मोडलेली ही कला काही विणकर बायकांनी टिकवून धरली आणि आता तिला पुन्हा मागणी आहे. आठवण म्हणून काही विकत घ्यायचं असेल तर हाब्लोनचं कापड घ्या.

*मिआगाओ:* शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर. इथलं १८ व्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं चर्च १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या पिवळसर दगडी दर्शनी भिंतीवर बाळ येशूला खांद्यावर घेतलेले संत ख्रिस्तोफर कोरले आहेत, आणि त्यांच्या भोवती नारळ, पपई, पेरू. स्थानिक कारागिरांनी बायबलमधला प्रसंग आपल्या परसात आणून बसवला. जाडजूड भिंती आणि मनोरे आहेत कारण समुद्रावरून हल्ला झाला की गाव इथेच आसरा घेई.

रात्री काय?

इलोइलोची रात्र मनिलाइतकी झगमगीत नाही. ती तीन प्रकारची आहे.

पहिली, नदीकाठची. इलोइलो नदी एकेकाळी अतिक्रमणं आणि सांडपाण्याने भरली होती. ती साफ करून २०१२ मध्ये काठावर एस्प्लनेड हा पायी चालण्याचा मार्ग खुला झाला आणि नंतर तो वाढवत नेला. काठची खारफुटी राखली गेली. संध्याकाळी इथे धावणारे, सायकलवाले, लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं आणि नाच बसवणारे कॉलेजचे गट दिसतात. पुण्याच्या मुठेकडे पाहत वाढलेल्या माणसाला इथे जरा हेवा वाटतो. यासाठी एक पैसाही लागत नाही.

दुसरी, मांदुरियाओची. शहराचं जुनं विमानतळ २००७ मध्ये बंद झालं आणि नवं शहराबाहेर गेलं. जुन्या धावपट्टीच्या जागेवर आता इलोइलो बिझनेस पार्क आहे. तिथे आणि जवळच्या स्मॉलव्हिल भागात बार, बँडचं थेट संगीत आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी हॉटेलं आहेत. याला कारण कॉल सेंटर. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्यांची 'संध्याकाळ' पहाटे असते. त्यामुळे पहाटे तीनला गरम रस्सा हवा असलेलं गिऱ्हाईक इथे रोज असतं.

तिसरी, गल्लीतली. सॅन मिगेल बिअर, तांदुआय रम, लोखंडी तव्यावर चरचरणारं 'सिसिग' आणि कॅराओके. फिलिपिनो लोक सुरात गातात आणि मनापासून गातात. माइक पुढे केला तर एक गाणं म्हणून टाका, नाही म्हटलेलं बरं दिसत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत शहराचं नाव चांगलं आहे. तरी रात्री परतताना ॲपवरून गाडी मागवणं बरं. दारूसाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. अमली पदार्थांबाबत कायदा अतिशय कडक आहे, त्यात गंमत म्हणूनही पडू नका.

दिनाग्यांग: उत्सव आणि त्यामागचा प्रश्न

जानेवारीच्या चौथ्या रविवारी शहरात दिनाग्यांग उत्सव असतो. १९६८ मध्ये सेबूहून बाल येशूच्या मूर्तीची प्रतिकृती इथे आणली गेली, तिथून तो सुरू झाला. शेकडो नर्तकांची पथकं ढोलांच्या तालावर रस्त्यावर उतरतात. महिनोन्‌महिने सराव, वाद्यांचा कडकडाट आणि पथकापथकांतली ईर्ष्या पाहून पुण्या-मुंबईच्या ढोलताशा पथकांची आठवण येईल.

या नाचाच्या मुळाशी एक दंतकथा आहे. बोर्निओहून आलेल्या दहा सरदारांनी सोन्याची टोपी देऊन आती या मूळ रहिवाशांकडून पानायची सपाट जमीन विकत घेतली, अशी ती कथा. इतिहासकार तिला पुराव्याचा आधार मानत नाहीत. पण नर्तक अंग काळं रंगवून 'आती' बनतात ते तिच्यामुळे.

खरे आती लोक आजही पानायवर आहेत. त्यातले बरेच जण गरीब आणि भूमिहीन आहेत. ज्यांची जमीन गेली, त्यांचंच सोंग घेऊन बक्षिसं मिळवायची, हे बरोबर आहे का? हा प्रश्न फिलिपिन्समध्येही विचारला जातो. उत्सव पाहायला जरूर जा, फक्त हा प्रश्न माहीत असू द्या. त्या आठवड्यात खोल्या महाग होतात आणि महिनोन्‌महिने आधी भरतात.

किताब मिळाला, आता पुढे काय?

इलोइलोची खरी कसोटी आता लागते आहे. शहरात पुन्हा पैसा येतोय. मॉल, उंच इमारती आणि कार्यालयं वाढत आहेत. गरिबीने जे राखलं ते श्रीमंतीत राहील का?

फिलिपिन्समध्ये २००९ चा राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा कायदा आहे. ५० वर्षांहून जुन्या वास्तूंना त्यात काही प्रमाणात संरक्षण मिळतं. २०१३ मध्ये मोलो, हारो आणि काये रेआल यांना वारसा पर्यटन क्षेत्र म्हणून कायद्याने मान्यता मिळाली. तरीही जुन्या मध्यवर्ती बाजाराची नव्याने बांधणी सुरू झाली तेव्हा त्याची आर्ट डेको शैलीची दर्शनी भिंत राखायची की नाही यावरून शहरात मोठा वाद झाला.

वाद भिंतीपुरता नाही. बाजार चकचकीत झाला की गाळ्याचं भाडं कोणाला परवडणार, हा त्यातला अवघड भाग आहे. बाचोय जन्माला आलं कारण बाजारात गरीब गिऱ्हाईक होतं आणि त्याला स्वस्तात विकणारा गाळेवाला होता. बातुआन पहाटे टोपलीत घेऊन येणारी बाई बाजारात बसू शकली नाही, तर केबीएल हॉटेलच्या मेन्यूवर राहील, घरोघरच्या चुलीवरून मात्र ते जाईल. दादरची फुलगल्ली किंवा एखादं जुनं इराणी हॉटेल ज्यांनी बदलताना पाहिलं, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

पर्यटक म्हणून यात आपला वाटा छोटा आहे, पण आहे. बाचोय मॉलमध्येही मिळतं. ते बाजारात जाऊन खाल्लं तर पैसा कुठे जातो, ते आपल्या हातात असतं.

जायचं कसं? आठवणीत ठेवायच्या गोष्टी

- प्रवास: मुंबईहून थेट विमान नाही. मनिला किंवा सिंगापूर, हाँगकाँगसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. मनिलाहून इलोइलो सुमारे सव्वा तास. विमानतळ शहरापासून जवळपास २० किलोमीटरवर आहे.
- कागदपत्रं: व्हिसामुक्त प्रवेश फक्त पर्यटनासाठी, १४ दिवसांचा आणि न वाढणारा. सहा महिने वैध पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याची नोंद आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा सोबत ठेवा. निघण्याआधी ७२ तासांत 'ई-ट्रॅव्हल' नोंदणी करावी लागते. नियम बदलू शकतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाची माहिती तपासा.
- पैसे: चलन पेसो. एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. बाचोयची वाटी शंभर-दीडशे पेसोच्या आसपास येते. बाजारात रोख पैसे लागतात.
- हवामान: डिसेंबर ते मे कोरडा काळ. जून ते नोव्हेंबर पाऊस आणि वादळं. आंबा हवा असेल तर एप्रिल-मे, उत्सव हवा असेल तर जानेवारी.
- शहरात फिरायला: जीपनी हे इथलं 'सहाआसनी'चं मोठं भावंड. मोटारीसारखं ठेंगणं तोंड असलेल्या जीपनी ही इलोइलोची खूण आहे. सायकलसाठी वेगळ्या मार्गिकाही आहेत.
- गिमारासला जाताना: बोटीने १५-२० मिनिटं लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये खराब हवामानात या सामुद्रधुनीत तीन बोटी उलटून ३० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला होता. हवा खराब असेल तर बेत पुढे ढकला आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका.

किती दिवस लागतील? शहरासाठी दोन दिवस, मिआगाओला अर्धा दिवस आणि गिमारासला एक दिवस. म्हणजे चार दिवसांत इलोइलो नीट पाहून होतं. उरलेल्या दिवसांत बोराकाय आहेच.

आणि एक शब्द पाठ करून जा: 'नामित'. अर्थ, चविष्ट. बाजारातल्या बाकड्यावर वाटी रिकामी केल्यावर 'नामित गिद' म्हणालात, की रस्सा पुन्हा वाढायला कुणी तुम्हाला विचारत बसणार नाही.